विंडोजशेजारी लिनक्स टाकताना नेमके कुठे अडते

प्रश्न थोडक्यात असा आहे. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपमध्ये ५१२ जीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्क आहे आणि विंडोज ११ आधीपासून आलेले आहे. अभ्यासक्रमासाठी त्याशेजारी उबंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, हवे होते. डिस्कवर निम्म्याहून अधिक जागा मोकळी असतानाही विंडोजने सी ड्राइव्ह अगदी थोडाच लहान करू दिला. उबंटूच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसेना. एका व्हिडिओत पाहून फर्मवेअरमध्ये (यंत्र चालू होताच विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्राममध्ये) डिस्क कंट्रोलरचा प्रकार बदलला आणि सिक्युअर बूट, म्हणजे विश्वासार्ह सही नसलेला बूट प्रोग्राम रोखणारी सोय, बंद केले, तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकले. कंट्रोलर पूर्ववत केल्यावर बिटलॉकरने, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीने, ४८ अंकी किल्ली मागितली. किल्ली मिळाली, एका सीनियरने कंट्रोलरचा तोच बदल सेफ मोडमार्गे करून दिला आणि उबंटू बसले. तरीही लॅपटॉप चालू केला की थेट विंडोज उघडते, उबंटूसाठी दर वेळी बूट मेन्यू गाठावा लागतो, डी ड्राइव्ह उबंटूत फक्त वाचता येतो, आणि उबंटूतून परतल्यावर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे असते. सगळे पुसून पुन्हा सुरुवात करावी का, आणि सत्र संपल्यावर उबंटू काढून टाकता येईल का, असे दोन प्रश्न आहेत.

पुसू नये. आपल्या लॅपटॉपमध्ये आज जे काही चुकलेले दिसते आहे, ते सर्व मिळून एका दुपारचे काम आहे आणि त्यातले एकही काम डिस्कवरच्या माहितीला हात लावत नाही. ‘फॉरमॅट मारा आणि नव्याने टाका’ हा सल्ला दुकानात सर्रास मिळतो, कारण सांगणाऱ्याचा वेळ त्यात वाचतो. पण वर सांगितलेल्या अडचणींची कारणे फर्मवेअरमध्ये आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये आहेत, त्यामुळे फॉरमॅट मारूनही त्या जशाच्या तशा परत येतील.

या कामात मनस्ताप होतो तो बहुतेक वेळा इन्स्टॉलर चालवताना होत नाही. इन्स्टॉलर आता दोन्हीकडचे चांगले झालेले आहेत. विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणाली आपण या यंत्राच्या एकट्या मालक आहोत असे गृहीत धरून बांधलेल्या आहेत, आणि जी वस्तू दोघींत सामायिक राहते तिथे खटका उडतो: फर्मवेअरमधील बूटचा क्रम, डिस्कचा कंट्रोलर, ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइलींचा डिस्कवरचा छोटा भाग), टीपीएम या सुरक्षा चिपमधील नोंदी आणि मदरबोर्डवरचे घड्याळ. एकाच सातबाऱ्यावर दोन नावे असावीत आणि फेरफार मात्र एकमेकांना न विचारता होत राहावेत, तसा हा प्रकार आहे. म्हणून प्रत्येक लक्षण पाहताना ‘कोणती सामायिक वस्तू कोणी बदलली’ एवढाच प्रश्न विचारावा. उत्तर पटकन सापडते.

बिटलॉकरपासून सुरुवात करतो, कारण माहिती कायमची गमावण्याचा खरा धोका फक्त तिथे आहे. विंडोज ११ घेऊन आलेल्या नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा साइन इन केले की डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे बिटलॉकरचेच साधे रूप, पुष्कळदा आपोआप सुरू होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर त्यासाठीच्या हार्डवेअरच्या अटी आणखी सैल केल्या गेल्या. डिस्क उघडण्याची किल्ली टीपीएमच्या हवाली असते आणि टीपीएम ती तेव्हाच सोडते, जेव्हा बूट होतानाची परिस्थिती आधी नोंदवलेल्या परिस्थितीशी जुळते. सिक्युअर बूट चालू आहे की बंद, कोणाच्या सहीचा बूटलोडर (प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्राम) आधी चालला, या गोष्टी त्या नोंदीत मोडतात. आपण सिक्युअर बूट बंद केले आणि कंट्रोलर परत आणताना ते बंदच राहिले. टीपीएमच्या दृष्टीने ते अनोळखी यंत्र झाले, तिने आपल्याकडची किल्ली सोडली नाही आणि म्हणून बिटलॉकरने ४८ अंकी किल्ली मागितली. त्यात बिघाड काहीच नव्हता.

ही ४८ अंकी किल्ली सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, आणि इथे आपल्याकडचा एक खास धोका सांगायला हवा. लॅपटॉप विकत घेताना ‘सगळे सेट करून देतो’ असे म्हणून दुकानदार स्वतःच्या किंवा तिथेच घाईने तयार केलेल्या एखाद्या ईमेल खात्याने विंडोज सुरू करून देतात. मग किल्ली त्या खात्यात जाते. दोन वर्षांनी ती लागली की ना ते खाते आठवते ना त्याचा पासवर्ड, आणि किल्ली नसेल तर आतली माहिती जगातल्या कोणत्याही माणसाला काढून देता येत नाही. आपली किल्ली मिळाली, हे नशीब समजावे. ती आजच कागदावर उतरवून घ्यावी. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर जपून ठेवलेली किल्ली ऐन वेळी उपयोगाची नसते.

पुढचे काम सिक्युअर बूट पुन्हा चालू करण्याचे. ते बंदच ठेवा असे सांगणारे जुने लेख अजून वाचले जातात, पण उबंटू, फेडोरा, डेबियन यांच्या बूटलोडरच्या आधी चालणाऱ्या ‘शिम’ या छोट्या प्रोग्रामवर मायक्रोसॉफ्टची सही असते आणि ही वितरणे सिक्युअर बूट चालू ठेवून व्यवस्थित चालतात. आधी विंडोजमध्ये बिटलॉकर स्थगित करावे, मग फर्मवेअरमध्ये जाऊन सिक्युअर बूट चालू करावे आणि प्रथम विंडोजच उघडावे, म्हणजे टीपीएममध्ये नवी परिस्थिती नोंदली जाईल. विंडोजच्या खिडकीतून केलेली स्थगिती पुढच्या रीस्टार्टनंतर आपोआप उठते, म्हणून फर्मवेअरमधले सर्व बदल एकाच फेरीत उरकावेत. होम आवृत्तीत स्थगितीचे बटण दिसत नाही. तिथे सेटिंगमधून डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करून पूर्ण उलगडू द्यावे, नाहीतर किल्ली हाताशी ठेवून एकदा टाइप करावी.

सिक्युअर बूट चालू केल्यावर एक गोष्ट विस्कटू शकते. आपल्या लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असेल, किंवा आपण व्हर्च्युअलबॉक्स टाकलेले असेल, तर त्यांचे कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्यात चढणारा ड्रायव्हर) आपल्याच यंत्रावर तयार झालेले असू शकते आणि त्यावर उबंटूची सही नसते. त्यासाठी यंत्राच्या मालकाची स्वतःची किल्ली, म्हणजे ‘मॉक’, नोंदवावी लागते. ड्रायव्हर टाकताना उबंटू एक पासवर्ड ठरवायला सांगतो आणि पुढच्या रीस्टार्टला एक निळा पडदा येतो. तो पडदा काही सेकंदच थांबतो. तेवढ्यात कळ दाबली नाही तर बूट पुढे सरकतो, किल्ली नोंदली जात नाही, ड्रायव्हर चढत नाही, आणि लोक ‘लिनक्सला एनव्हिडिया चालत नाही’ असे म्हणत बसतात. त्या पडद्यावर एन्रोल मॉक निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. कीबोर्डची मांडणी त्या ठिकाणी अमेरिकन इंग्रजी असते, म्हणून पासवर्ड साध्या लहान अक्षरांचा ठेवावा.

सिक्युअर बूटमुळे कधीच त्रास होत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुन्या, असुरक्षित ठरलेल्या बूटलोडरांना मज्जाव करणारी एक यादी फर्मवेअरमध्ये लिहिली. दुहेरी बूट असलेल्या यंत्रांवर ती लागू होणार नाही असे मायक्रोसॉफ्टने आधी म्हटले होते. प्रत्यक्षात अशा अनेक यंत्रांवर ती लागू झाली आणि शिमची पडताळणी फसल्याचा संदेश देऊन लिनक्स उघडेनासे झाले. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्स अपडेट करणे, हा त्यावेळचा मार्ग होता. यातून व्यवहारातला मुद्दा एवढाच निघतो की इन्स्टॉल करायला ड्रॉवरमधला दोन-तीन वर्षांपूर्वीचा पेनड्राइव्ह वापरू नये. दर वेळी ताजी आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलरची फाइल, उतरवावी.

आता डिस्क न दिसण्याविषयी. इंटेलच्या पुष्कळ लॅपटॉपांत कारखान्यातूनच कंट्रोलर रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी, म्हणजे आरएसटी, या प्रकारात ठेवलेला असतो. त्या प्रकारात काही यंत्रांवर एनव्हीएमई डिस्क नेहमीच्या जागी दिसतच नाही, ती इंटेलच्या कंट्रोलरमागे झाकली जाते आणि लिनक्सला सापडत नाही. अकराव्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच यंत्रांत हीच गोष्ट व्हीएमडी नावाने येते. व्हीएमडीचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये आहे, त्यामुळे तिथे ताज्या आवृत्तीच्या पेनड्राइव्हवरून डिस्क दिसते का ते आधी पाहावे आणि दिसत असेल तर फर्मवेअरला हात लावू नये. गंमत अशी की व्हीएमडीच्या बाबतीत उलटा अनुभवही येतो: विंडोज नव्याने टाकायला घेतले तर त्याच्याच इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही आणि इंटेलचा ड्रायव्हर वेगळा द्यावा लागतो.

कंट्रोलर आरएसटीवरून एएचसीआय या सर्वसाधारण प्रकारावर नेल्याबरोबर विंडोज निळ्या पडद्यावर का अडकले, तर बूट होताना लागणारे ड्रायव्हर कोणते हे विंडोजने आधीच ठरवून ठेवलेले असते आणि एएचसीआयचा ड्रायव्हर त्यात नसतो. विंडोज ज्या डिस्कवर आहे ती डिस्कच त्याला वाचता येत नाही. सेटिंग पूर्ववत केले की ते पुन्हा उभे राहते. माहिती कुठेही जात नाही. योग्य रीत आपल्या सीनियरने वापरली तीच: विंडोजला पुढचा बूट सेफ मोडमध्ये करायला सांगायचे, मधल्या रीस्टार्टमध्ये फर्मवेअरमध्ये जाऊन कंट्रोलर बदलायचा, सेफ मोडमध्ये विंडोज आवश्यक ड्रायव्हर स्वतः उचलते, आणि मग सेफ मोडची खूण काढायची. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असे नसते, म्हणून खात्याचा खरा पासवर्ड ठाऊक असावा. एक इशारा मात्र द्यायलाच हवा. दोन डिस्क रेडमध्ये, म्हणजे एकच डिस्क असल्यासारख्या, जोडलेल्या असतील किंवा हार्ड डिस्कला इंटेलच्या ऑप्टेन या वेगवान मेमरीचे कॅश लावलेले असेल, तर हा बदल आंधळेपणाने करू नये, कारण तिथे आरएसटी काढली की डिस्कवरची मांडणीच वाचता येत नाही.

जागेचा प्रश्न आपण कसाबसा सोडवलेला दिसतो, तरी कारण सांगून ठेवतो. डिस्क मॅनेजमेंट सी ड्राइव्ह लहान करताना ड्राइव्हच्या शेवटाकडून आत येते आणि जी फाइल हलवता येत नाही तिथे थांबते. पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, सिस्टिम रिस्टोअरच्या प्रती आणि एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिमची स्वतःची यादी या अशा न हलणाऱ्या वस्तू आहेत. दोनशे जीबी मोकळी जागा असली तरी तिच्या मध्यावर यातला एक तुकडा बसलेला असेल, तर विंडोज त्याच्या पलीकडचीच जागा देऊ करते. हायबरनेशन, पेजफाइल आणि रिस्टोअर तात्पुरते बंद करून, रीस्टार्ट करून पुन्हा प्रयत्न केल्यास आकडा बहुधा बराच वाढतो. काम झाल्यावर पेजफाइल आणि रिस्टोअर परत चालू करावेत. विंडोजचा ड्राइव्ह लिनक्सच्या साधनांनी लहान करण्याच्या मी विरोधात आहे. जमते, पण ज्याची फाइल सिस्टिम त्याच्याकडूनच ते करून घ्यावे. उबंटू २४.०४ साठी किमान २५ जीबी सांगितलेले आहेत, पण कंपायलर, लायब्ररी आणि प्रकल्प धरता ऐंशी ते शंभर जीबींखाली जाऊ नये, आणि विंडोजच्या मोठ्या अपडेटसाठी सी ड्राइव्हवर वीसेक जीबी मोकळे राहतील हेही पाहावे.

सी ड्राइव्हच्या मागे लहानसे रिकव्हरी पार्टिशन असते. ते निरुपयोगी समजून उडवणारे बरेच आहेत. उडवू नये. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० च्या एका सुरक्षा अपडेटला तिथे अधिक जागा हवी होती, ती नसलेल्या असंख्य यंत्रांवर अपडेट अडले, आणि मायक्रोसॉफ्टने लोकांना ते पार्टिशन २५० एमबीने वाढवायला सांगितले. विंडोज सांभाळणाऱ्या माणसाला त्या पार्टिशनची किंमत त्या महिन्यात कळली.

डी ड्राइव्ह उबंटूत फक्त वाचता येतो, याचे कारण फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून शटडाउन केल्यावर यंत्र पुरते बंद होत नाही. विंडोज आपल्या कर्नलची स्थिती डिस्कवर गोठवून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी लवकर सुरू होता येते. त्या अवस्थेत एनटीएफएसचे ड्राइव्ह उघडेच राहिलेले असतात आणि लिनक्स शहाणपणाने त्यावर लिहायचे नाकारते. जबरदस्तीने लिहायला लावण्याचे उपाय सुचवले जातात; ते करू नयेत, कारण विंडोज जागे झाल्यावर त्याच्या स्मरणातली डिस्क आणि प्रत्यक्षातली डिस्क यांत फरक पडतो आणि फाइली खराब होतात. पॉवरच्या सेटिंगमधून फास्ट स्टार्टअप बंद करावे. हायबरनेशन पूर्ण बंद केले तर तेही त्याबरोबर जाते. विशेष म्हणजे रीस्टार्ट निवडल्यास फास्ट स्टार्टअप मध्ये येत नाही, त्यामुळे ‘कधी लिहिता येते, कधी नाही’ असा अनुभव येतो आणि माणूस चक्रावतो. काही लॅपटॉपांत उबंटूमध्ये वायफाय गायब होते, त्याचेही मूळ इथेच असू शकते: विंडोजने कार्ड अर्धवट अवस्थेत सोडलेले असते.

आता थेट विंडोज उघडण्याविषयी. जुन्या बायॉसच्या व्यवस्थेत बूटचा कोड डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये असे, तिथे एकालाच जागा होती आणि जो शेवटी बसला तो आधीच्याला पुसून टाकी. ‘विंडोज आधी, लिनक्स नंतर’ हा नियम त्या काळातला आहे. आज तो मोडला तरी अनर्थ होत नाही, पाळला तर सोयीचे. यूईएफआयमध्ये, म्हणजे बायॉसच्या जागी आलेल्या नव्या व्यवस्थेत, ईएफआय नावाचे छोटे फॅट३२ पार्टिशन असते, विंडोजचा इन्स्टॉलर ते सहसा १०० एमबींचे करतो, आणि त्यात प्रत्येक प्रणालीचे वेगळे फोल्डर असते. कोणते आधी चालवायचे तो क्रम मदरबोर्डच्या स्मृतीत असतो. आपल्याकडे दोन्ही फोल्डर सुखरूप आहेत, बूट मेन्यूतून उबंटू उघडते हाच त्याचा पुरावा. फक्त क्रम बदलायचा आहे. फर्मवेअरमध्ये बूट ऑर्डर उघडून उबंटू ही नोंद विंडोज बूट मॅनेजरच्या वर न्यावी. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर हा क्रम कधीकधी पुन्हा उलटतो. तेव्हाही एवढेच करायचे असते. बूट दुरुस्त करणारी स्वयंचलित साधने अशा वेळी लगेच चालवू नयेत, ती नको तिथेही लिहितात. काही लॅपटॉपांचे फर्मवेअर मात्र उबंटूची नोंद वर जाऊच देत नाही. त्यात आधी सुपरवायझर पासवर्ड ठेवून उबंटूची ईएफआय फाइल विश्वासार्ह म्हणून निवडावी लागते.

क्रम बदलल्यावर ग्रबचा, म्हणजे उबंटूच्या बूटलोडरचा, मेन्यू येईल, पण त्यात विंडोज दिसेलच असे नाही. ग्रबच्या २०२१ मधल्या २.०६ या आवृत्तीपासून इतर प्रणाली शोधणारा ओएस-प्रोबर सुरक्षेच्या कारणाने मुळातच बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये तो चालू करून मेन्यू पुन्हा तयार करावा लागतो. त्यातही आपल्याकडे बिटलॉकर चालू असेल तर माझा सल्ला वेगळा आहे: विंडोज ग्रबमधून उघडू नये. शिम आणि ग्रब आधी चालून मग विंडोज उघडले, की टीपीएमला ती परिस्थिती वेगळी वाटते आणि किल्ली मागितली जाण्याची शक्यता असते. रोजचे काम जिथे जास्त आहे ती प्रणाली क्रमात वर ठेवावी आणि दुसरी फर्मवेअरच्या बूट मेन्यूतून उघडावी. एक कळ जास्त दाबावी लागते, पण दोन्ही प्रणाली एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. म्हणजे आज जी गोष्ट आपल्याला अडचण वाटते आहे, ती बिटलॉकर ठेवायचे असल्यास बरी व्यवस्था आहे.

पुढे कधी स्वतः पार्टिशन निवडून इन्स्टॉल करावे लागले, तर ईएफआय पार्टिशन दोघांसाठी एकच वापरावे आणि त्यापुढची फॉरमॅटची खूण काढलेली आहे ना, हे दोनदा पाहावे. तिथे चुकून फॉरमॅट झाले तर विंडोजचा बूटलोडर जातो. सी ड्राइव्ह शाबूत राहतो आणि विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूटलोडर पुन्हा बसवता येतो, पण तो धडा घ्यायची गरज नाही. तसेच पेनड्राइव्हचे नाव बूट मेन्यूत दोनदा दिसले, तर ज्यामागे यूईएफआय लिहिलेले आहे तेच निवडावे. विंडोज एका पद्धतीत आणि लिनक्स दुसऱ्या पद्धतीत बसले, तर दोन्ही चालतात, पण ग्रबच्या एका मेन्यूतून उघडत नाहीत. जुन्या, दुकानात जोडून घेतलेल्या डेस्कटॉपवर विंडोज अजून एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कवर असू शकते. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बायॉस मोड लेगसी दिसला तर ते कळते. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून त्यासोबतच एमबीआरचे जीपीटी या नव्या मांडणीत रूपांतर करणारे साधन येते; बॅकअप घेऊन ते आधी वापरावे.

घड्याळाचे कारण साधे आहे. विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहिते, डॉसपासूनची ती सवय आहे. लिनक्स त्यात जागतिक प्रमाण वेळ लिहिते आणि दाखवताना साडेपाच तास मिळवते. उबंटूने लिहिलेली वेळ विंडोजने स्थानिक समजून वाचली की घड्याळ तेवढे मागे पडते, आणि मग तीस सेकंदांनी बदलणारे ओटीपी देणारे ॲप त्या यंत्रावर असेल तर त्याचे आकडे चुकतात. भारतात उन्हाळी वेळ नाही, म्हणून उबंटूला टाइमडेटसीटीएलच्या एका आज्ञेने स्थानिक वेळ पाळायला सांगितले तरी चालते. उबंटू त्यावर एक इशारा देतो, तो इथे दुर्लक्षिता येतो. अमेरिकेत किंवा युरोपात शिकायला असलेल्यांनी मात्र उलट करावे, रजिस्ट्रीतील नोंदीने विंडोजलाच प्रमाण वेळ पाळायला लावावी. नाहीतर वर्षातून दोनदा वेळ बदलते तेव्हा दोन्ही प्रणाली आपापल्या परीने तास मिळवतात किंवा वजा करतात. जाता जाता, ब्लूटूथ माउस एका प्रणालीत जोडला की दुसरीत तुटतो, तेही याच जातीचे आहे: ब्लूटूथचा पत्ता एकच, पण जोडणीची किल्ली दोघींकडे वेगळी.

ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही आणि ज्यांच्या यंत्रात दुसऱ्या डिस्कला जागा आहे, त्यांनी लिनक्स वेगळ्या डिस्कवर टाकावे. जागेची ओढाताण संपते. मात्र इन्स्टॉल करताना विंडोजची डिस्क काढून ठेवावी किंवा फर्मवेअरमधून बंद करावी, कारण दोन्हींचे इन्स्टॉलर आधीचे ईएफआय पार्टिशन सापडले की स्वतःचा बूटलोडर तिथेच टाकतात, आणि वर्षभराने ती डिस्क काढली की दुसरी उघडत नाही. आणि ज्यांना फक्त सी, पायथन आणि काही कमांड लाइनची साधने हवी आहेत, त्यांनी या सगळ्यात पडूच नये. विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारे डब्ल्यूएसएल २ त्यांना पुरते. रोबोटिक्सचे हार्डवेअर, कर्नलचा अभ्यास, किंवा आठ जीबी रॅममध्ये दोन प्रणाली एकाच वेळी पेलत नाहीत अशी स्थिती असेल, तर दुहेरी बूटचे कष्ट योग्य ठरतात.

आपला दुसरा प्रश्न उबंटू काढण्याचा. काढता येते, फक्त क्रम पाळावा. आधी बिटलॉकरची किल्ली हाताशी घ्यावी, बूट ऑर्डरमध्ये विंडोज बूट मॅनेजर सर्वांत वर आणून यंत्र दोनदा चालू-बंद करून पाहावे, आणि मगच डिस्क मॅनेजमेंटमधून उबंटूचे पार्टिशन काढावे. ईएफआय आणि रिकव्हरी पार्टिशनला हात लावू नये. मोकळी झालेली जागा सी ड्राइव्हला लागूनच असेल, तेव्हा ती परत जोडता येते. उबंटूचे पार्टिशन आधी काढले आणि क्रम तसाच राहिला, तर काळ्या पडद्यावर नुसता ग्रबचा प्रॉम्प्ट येतो. घाबरण्याचे कारण नाही, बूट मेन्यूतून विंडोज उघडते. कंट्रोलर एएचसीआयवरच राहू द्यावा, विंडोजला आता त्याची सवय झालेली आहे. ईएफआय पार्टिशनमध्ये उबंटूचे काही एमबींचे फोल्डर आणि फर्मवेअरमध्ये त्याची नोंद मागे उरते. त्यांनी विंडोजचे काही अडत नाही आणि पुन्हा उबंटू टाकल्यास त्याच जागी नवी फाइल लिहिली जाते.